हरित नौवहन इंधन आणि विदर्भातील पऱ्हाटी

हरित नौवहन इंधन म्हणजे जहाजांच्या इंजिनात जड खनिज तेलाऐवजी वापरायचे असे इंधन, की जे तयार होण्यापासून जळेपर्यंत हवेत कार्बनची नवी भर अत्यल्प घालते. हरित मेथनॉल, हरित अमोनिया, जैवडिझेल व हायड्रोजन ही त्यांतली प्रमुख. विदर्भाला समुद्र नाही. पण इथल्या कापसाच्या गाठी जहाजानेच परदेशी जातात, आणि वेचणी संपल्यावर वावरात उभी राहणारी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, मेथनॉलचा कच्चा माल होऊ शकते.

मानवनिर्मित हरितगृह वायूंत नौवहनाचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजी इंधनातील गंधकावर ०.५ टक्क्याची मर्यादा आली. त्याने धूर कमी विषारी झाला, कार्बनचा प्रश्न तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरवले. ते बंधनकारक करणाऱ्या चौकटीवरचा निर्णय मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभरासाठी लांबणीवर पडला. हा विलंब महागात पडणारा आहे, कारण आज बांधलेले जहाज वीस-पंचवीस वर्षे चालते.

अमोनियात कार्बन नसतो, पण तो विषारी असल्याने गळती झाल्यास खलाशांच्या जिवाशी गाठ. मेथनॉल साध्या तापमानाला द्रव राहते, त्यामुळे साठवायला सोपे. मात्र त्याची ऊर्जा वजनाला जहाजी तेलाच्या निम्मीच, म्हणून टाक्या मोठ्या लागतात. मेथनॉलवर चालू शकणारे पहिले कंटेनर जहाज ‘लॉरा मर्स्क’ २०२३ मध्ये सेवेत आले. जैवभारापासून, म्हणजे पऱ्हाटीसारख्या वनस्पतींच्या मालापासून, मेथनॉल करताना तो मोजक्या हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये तापवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण मिळवतात आणि तांबे-जस्तयुक्त उत्प्रेरकावर दाबाखाली त्याचे मेथनॉल करतात. झाडाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच जळताना परत जातो, हे त्याचे हरितपण.

पऱ्हाटी हेक्टरी साधारण दोन-तीन टन निघते. फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे लांबवले, की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी लगेच उपटावी आणि धुऱ्यावर (बांधावर) गंजी लावून ठेवू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. उपटलेली थोडी चुलीला, थोडी कुंपणाला जाते. बरीचशी वावरातच पेटते. सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट व पेलेट करण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत.

खरी अडचण गोळा करण्याची आहे. ट्रॉली शीगोशीग भरली तरी काट्यावर वजन थोडेच भरते. फांद्या एकमेकींत अडकून मधे पोकळीच जास्त. मुळांना काळी माती चिकटलेली असते, ती भट्टीत राख वाढवते. त्यामुळे माती झटकून, वावरातच बारीक कुटी करून मग वाहतूक करणे परवडते. सगळीच पऱ्हाटी उचलणेही योग्य नाही, काही कुटी जमिनीत गाडली तर सेंद्रिय कर्ब टिकतो. आणि दर ठरवताना फक्त वाहतूक धरून चालत नाही. चिमट्याने एकेक झाड उपटण्याची मजुरी त्यात आली नाही, तर शेतकरी काडी लावून मोकळा होतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.