भ्रूणीय मूलपेशी संशोधनाचा वाद

भ्रूणीय मूलपेशी संशोधन : फलनानंतर पाच-सहा दिवसांच्या मानवी भ्रूणातून काढलेल्या, शरीरातील कोणत्याही ऊतीत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींचे संशोधन, आणि त्याभोवतीचा शास्त्रीय, नैतिक व राजकीय वाद. अस्थिमज्जेतील रक्तमूलपेशींचा अभ्यास याहून जुना आहे (टोराँटो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककुलॉक, १९६१) आणि त्यावर आधारलेले अस्थिमज्जारोपण जगभर मान्य आहे. वाद मुख्यतः भ्रूणातून मिळणाऱ्या पेशींचा, कारण रूढ पद्धतीत पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो.

पेशी मिळवण्याची पद्धत : उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी १९८१ मध्ये केंब्रिज येथे मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी आणि अमेरिकेत गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे वेगळ्या केल्या. मानवी पेशींना आणखी सतरा वर्षे लागली. नोव्हेंबर १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांच्या गटाने त्या मिळवल्याचे प्रसिद्ध केले. आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) उपचारासाठी तयार केलेले ३६ भ्रूण दांपत्यांनी दान दिले होते. त्यांतील २० कोरकपुटी अवस्थेपर्यंत वाढले, १४ मधून अंतःपेशीपुंज निघाले आणि अखेर पाच पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारे पेशींचे संच, टिकले.

कोरकपुटीत, म्हणजेच ब्लास्टोसिस्टमध्ये, शंभर ते दोनशे पेशी असतात. बाहेर पोषकोरकाचा एकपदरी थर, आत पोकळी आणि एका बाजूला अंतःपेशीपुंज. थरातून पुढे वार बनते, पुंजातून शरीर. थर काढून पुंज वेगळा करण्याच्या पद्धतीला इम्युनोसर्जरी म्हणतात. आधी प्रोनेज या विकराने (एन्झाइमने) पारदर्शक कवच विरघळवतात. मग भ्रूण मानवी पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांत (अँटीबॉडींत) ठेवतात, धुतात आणि गिनीपिगच्या रक्तरसातील पूरक प्रथिने देतात. प्रतिपिंड चिकटलेल्या बाहेरच्या पेशी फुटतात. थरातील पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असल्याने प्रतिपिंड आत शिरत नाहीत, म्हणून पुंज वाचतो. थराला आधीच छिद्र पडले असेल तर मात्र पुंजही हातचा जातो.

सुटा केलेला पुंज विभाजन थांबवलेल्या उंदराच्या तंतुपेशींच्या अस्तरावर ठेवतात. नऊ ते पंधरा दिवसांनी वाढ दिसली की तिचे लहान पुंजके करून नव्या अस्तरावर लावतात आणि पुढे साधारण आठवड्याने हेच चक्र चालू राहते. चांगली वसाहत सपाट, दाट आणि स्वच्छ कडेची असते. मध्यभागी उंचवटा येऊन ती काळपट दिसू लागली की विभेदन, म्हणजे विशिष्ट ऊतीच्या पेशींत रूपांतर, सुरू झाले असे समजावे. तो भाग पिपेटने खरवडून टाकला नाही तर पुढच्या फेरीत सगळी थाळी बिघडते. या पेशी एकेकट्या केल्या की बहुतांश मरतात. हा त्रास रॉक-रोधक (रॉक नावाच्या विकराला अडवणारे) द्रव्य वापरून बराच कमी करता येतो, हे जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले.

खरी भीती असते ती संवर्धनात शिरणाऱ्या गुणसूत्रदोषांची. १२ आणि १७ या गुणसूत्रांची जादा प्रत किंवा २० व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील छोट्या भागाची द्विरुक्ती वारंवार आढळते. अशा पेशी मरत कमी आणि वाढत जास्त, त्यामुळे काही आठवड्यांत त्याच थाळी व्यापतात. वसाहत अचानक जोमाने वाढू लागली तर आनंद मानण्याआधी गुणसूत्रे तपासावीत. २० व्या गुणसूत्रावरील द्विरुक्ती नेहमीच्या पट्टचाचणीत (गुणसूत्रांवरील पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या चाचणीत) सहसा निसटते, म्हणून तिची वेगळी चाचणी लागते. प्राण्यांच्या अस्तरावर वाढलेल्या मानवी पेशींच्या पृष्ठभागावर मानवेतर शर्करा येते आणि माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे २००५ मध्ये दिसून आले. तेव्हापासून प्राणिजन्य घटकांविना संवर्धनावर भर आहे. अविभेदित पेशी शरीरात राहिल्यास टेराटोमा नावाची गाठ होते. पेशींची बहुक्षमता, म्हणजे कोणत्याही ऊतीत बदलण्याची क्षमता, सिद्ध करण्यासाठी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात हीच गाठ मुद्दाम उठवून पाहत.

चौदा दिवसांची मर्यादा : प्रयोगशाळेत मानवी भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, या नियमाचे श्रेय सामान्यतः मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीला (१९८४) दिले जाते. मात्र अमेरिकेच्या नीतिविषयक सल्लागार मंडळाने १९७९ मध्येच हीच मुदत सुचवली होती. दोघांची कारणे वेगळी आहेत. अमेरिकी मंडळाचा आधार होता गर्भाशयात रुजण्याची क्रिया पूर्ण होण्याचा काळ. ब्रिटिश समितीने आधार घेतला आद्य रेखेचा. ही रेखा साधारण पंधराव्या दिवशी उमटते आणि तेव्हापासून शरीराचा अक्ष ठरतो. तोवर एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात, म्हणून त्याआधी त्याला एक विशिष्ट व्यक्ती म्हणता येत नाही, असा युक्तिवाद. समितीच्या सदस्य, भ्रूणवैज्ञानिक अ‍ॅन मॅक्लारेन यांचा या मांडणीत मोठा वाटा असल्याचे मानले जाते.

फलनापासून विकास अखंड असतो, मग मध्येच रेघ ओढण्याला आधार काय, हा विरोधकांचा आक्षेप. जुळे होण्याची शक्यता असल्याने आधीचे जीवन कमी मोलाचे ठरत नाही, असेही ते म्हणतात. दुसऱ्या बाजूचे काही अभ्यासक मुदतीकडे जैविक सत्य म्हणून पाहत नाहीत, तर तपासता येईल आणि कायद्यात लिहिता येईल असा सार्वजनिक करार म्हणून पाहतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण जैविक युक्तिवाद पंधराव्या दिवसाला लागू पडतो आणि कायदा चौदाव्याला थांबतो. तो एक दिवस खबरदारीचा आहे. ब्रिटनमध्ये ही मर्यादा १९९० च्या कायद्यात आली.

प्रत्यक्षात कितीतरी वर्षे तिची कसोटीच लागली नव्हती, कारण कोणालाही भ्रूण इतका काळ वाढवता येत नव्हता. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील दोन गटांनी तो बारा-तेरा दिवस वाढवला आणि नियमापोटी प्रयोग थांबवला. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चौदा दिवसांपलीकडील संवर्धनाला आपल्या निषिद्ध यादीतून काढले. जिथे कायदाच आहे तिथे फरक पडला नाही. मूलपेशींपासून तयार होणाऱ्या भ्रूणसदृश रचनांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांत फलनच नसते, तर दिवस मोजायचे कुठून?

धार्मिक भूमिका : कॅथलिक चर्च फलनापासूनच भ्रूणाला व्यक्तीचा मान देते (व्हॅटिकनचे निवेदन, १९८७). ज्यू परंपरेत चाळीस दिवसांपूर्वीच्या भ्रूणाचा दर्जा गौण आहे. इस्लामी धर्मशास्त्रज्ञ चाळीस किंवा एकशेवीस दिवसांचा टप्पा मानतात. हिंदू परंपरेत असा निर्णय देणारे एक पीठ नाही.

राजकारण : अमेरिकेत १९९६ पासून दरवर्षी अर्थसंकल्पाला जोडली जाणारी डिकी-विकर दुरुस्ती भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला केंद्रीय पैसा नाकारते, थॉमसन यांचे काम खासगी पैशावर झाले ते यामुळेच. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी त्या तारखेपूर्वी निर्माण झालेल्या पेशीवंशांपुरताच निधी मान्य केला. सरकारी यादीत ६४ वंश होते. त्यांत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्राचे तीन होते. यादीतील अनेक वंश म्हणजे नुसते गोठवलेले पुंज होते. प्रत्यक्ष संशोधकांना मिळाले सुमारे एकवीस, आणि त्यांत भारतीय एकही नव्हता. बंधने शिथिल करणारी विधेयके बुश यांनी २००६ व २००७ मध्ये नकाराधिकाराने रोखली. दरम्यान कॅलिफोर्नियाने २००४ च्या सार्वमताने तीन अब्ज डॉलर उभे केले. ओबामा यांनी मार्च २००९ मध्ये निर्बंध उठवले. २०१० मध्ये न्यायालयाने काही काळ निधी रोखला, तो खटला २०१३ मध्ये संपला. जर्मनीने २००२ मध्ये ठरावीक तारखेपूर्वीच्या आयात पेशींनाच परवानगी दिली आणि २००८ मध्ये ती तारीख १ मे २००७ पर्यंत पुढे नेली.

अंडदात्रींचा प्रश्न : भ्रूणाच्या दर्जावर इतके लिहिले गेले की अंडपेशी देणाऱ्या स्त्रीकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांनी २००४ व २००५ मध्ये क्लोन केलेल्या, म्हणजे अंडपेशीत दुसऱ्या पेशीचे केंद्रक घालून बनवलेल्या, भ्रूणातून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला. चौकशीत तो बनावट ठरला आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. दोन हजारांहून अधिक अंडपेशी वापरल्या गेल्या होत्या, काही तर त्यांच्याच प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधिकांच्या. अंडपेशी काढण्यासाठी साधारण दहा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. अंडाशय अतिउद्दीपित झाले तर ते सुजतात, पोटात पाणी साचते आणि क्वचित जिवावर बेतते. हाताखालच्या व्यक्तीची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न भ्रूणाच्या वादाइतकाच गंभीर आहे.

पर्याय : शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये माणसाच्या त्वचापेशींत चार जनुके घालून त्यांना भ्रूणीय अवस्थेसारखे केले. या आयपीएस (प्रेरित बहुक्षम) पेशींसाठी त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. वाद मिटला असे तेव्हा अनेकांनी म्हटले. पण चारपैकी एक जनुक कर्करोगाशी निगडित आहे आणि तुलनेसाठी भ्रूणीय पेशी अजूनही लागतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बहुक्षम मूलपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडपेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या टाइप-१ मधुमेहाच्या १२ रुग्णांपैकी १० जणांचे इन्सुलिन वर्षभराने बंद झाले होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र चालू ठेवावी लागतात.

भारत : येथे भ्रूणाच्या नैतिक दर्जावरून अमेरिकेसारखा संघर्ष झाला नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत किंड-१ व किंड-२ हे मानवी पेशीवंश तयार झाले. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) व जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये आली. २०१३ मध्ये शीर्षकातून उपचार हा शब्द वगळला गेला आणि २०१७ मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. चौदा दिवस किंवा आद्य रेखा, जे आधी येईल ती मर्यादा. रक्तविकारांसाठीचे रक्तमूलपेशीरोपण वगळता इतर कोणताही मूलपेशी उपचार चाचणीबाहेर देऊ नये, असे २०१७ ची तत्त्वे सांगतात.

भारतातला खरा वाद याच ठिकाणी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मज्जारज्जूची इजा अशा आजारांसाठी काही दवाखाने रुग्णाच्याच मज्जेतील पेशी काढून पाठीच्या कण्यात टोचतात आणि लाखोंचे बिल लावतात. चाचणी खरी असेल तर सहभागाचे पैसे घेतले जात नाहीत. सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक दाखवला म्हणून उपचार मंजूर ठरत नाही. ती केवळ नोंद असते. संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीची मान्यता, नीतिसमितीचे पत्र आणि मराठीत समजावलेले संमतीपत्र मागून पाहावे.

उरलेल्या आयव्हीएफ भ्रूणांबाबत २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार साठवण दहा वर्षांपर्यंत. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला देता येतात. पेशीवंश काढण्याचे काम सुरू होईपर्यंत ही संमती मागे घेता येते.