महाविद्यालयीन हिशेब व उत्तरदायित्व (ग्रामीण विदर्भ)

महाविद्यालयाचा जमाखर्च, त्याची तपासणी आणि त्याबद्दल शासन, विद्यापीठ, धर्मादाय आयुक्त व विद्यार्थी यांना द्यावा लागणारा जाब, यांची व्यवस्था. विदर्भात तालुक्याच्या गावचे महाविद्यालय बहुधा एखाद्या शिक्षणसंस्थेने चालविलेले असते. त्यामुळे ‘संस्थेचा पैसा’ आणि ‘कॉलेजचा पैसा’ हा भेद येथे कळीचा ठरतो.

या उत्तरदायित्वाचा उगम कोठे धरावा, याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार तो 1854 च्या वुडच्या खलित्यात (ब्रिटिशकालीन शिक्षणविषयक धोरणपत्रात) आहे. खाजगी शाळांनी तपासणी मान्य केल्यास त्यांना अनुदान द्यावे, हे सूत्र त्यात आले. मात्र त्याचा परिणाम मुख्यतः शाळांवर झाला. अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय (1923) तर सरकारीच होते. दुसरे मत सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यापासून सुरुवात करते आणि विदर्भापुरते तेच अधिक लागू पडते. श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या (1932) जुन्या संस्था मात्र त्या कायद्याच्या आधीच्या आहेत. शिवाय 1956 पर्यंत हा प्रदेश मध्य प्रदेशात असल्याने येथे त्या राज्याचा 1951 चा विश्वस्त कायदा चाले. मुंबईचा 1950 चा कायदा (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) 1960–61 च्या सुमारास लागू झाला. जुन्या संस्थांच्या स्थापनेच्या व न्यास नोंदणीच्या वर्षांत अंतर दिसते, त्याचा काही अंशी उलगडा यातून होतो. त्यांच्या पत्रशीर्षावर दोन क्रमांक असतात : एक 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाचा, दुसरा ‘एफ’ने सुरू होणारा न्यास नोंदणीचा. हिशेबही तसेच दुपदरी राहतात. अनुदानाची कीर्द-खतावणी महाविद्यालयाकडे आणि देणग्या, भाडे, ठेवी संस्थेकडे. प्रवेशासाठी देणगी घेण्यास 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. पण संस्थेच्या पावती पुस्तकावर आलेली रक्कम महाविद्यालयाच्या ताळेबंदात सहसा दिसत नाही, हे या दुपदरी मांडणीचे खरे दुखणे होय.

अनुदानित पदांचे वेतन उच्च शिक्षण सहसंचालकांच्या (नागपूर, अमरावती) कार्यालयामार्फत होते. पुढे त्याचे निर्धारण होते, म्हणजे कोणता खर्च मान्य हे ठरते, ज्याला बोलीत ‘असेसमेंट’ म्हणतात. अमान्य ठरलेला खर्च वसुलीस पात्र असतो. तासिका तत्त्वावरील व विनाअनुदानित तुकड्यांवरील शिक्षकांचे मानधन हा वेगळा विषय आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विकास अनुदानासाठी आयोगाच्या अधिनियमातील कलम 2(फ) व 12(ब) खालील मान्यता लागे. खर्चानंतर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागे. त्याचा नमुना पूर्वी 19-अ होता, 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांपासून 12-अ झाला. प्रमाणपत्राखाली प्राचार्य व सनदी लेखापाल या दोघांच्या सह्या लागत. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर (2017) हा ओघ आटला, पण ‘यूसी’च्या (उपयोगिता प्रमाणपत्रांच्या) फायली कपाटात टिकून आहेत. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढलेली आणि पानावर तिचा अनुक्रमांक आहे, एवढे पाहून तपासनीस पुढे जातो. संगणक चालू आहे की नाही, हे त्या रकान्यात येत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 (अंमल 1 मार्च 2017) च्या कलम 97 नुसार जुन्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आली. अंदाजपत्रक व वित्तीय विवरणपत्रे तयार करून व्यवस्थापनाकडे शिफारस करणे हे तिचे काम. तिच्यात निवडून आलेले शिक्षक व विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारीही असतात. अध्यक्ष मात्र व्यवस्थापनाचा, म्हणजे ज्याचा हिशेब तोच प्रमुख.

शुल्काच्या जमेला हंगामाची लय आहे. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, प्रवेश जून-जुलैत आणि कापसाचा पैसा दिवाळीनंतर. म्हणून हप्ते पडतात. शिष्यवृत्तीची रक्कम ताळेबंदात ‘येणे’ म्हणून उभी राहते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा 60 टक्के वाटा 2021 पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. त्यातले शुल्क महाविद्यालयाने विद्यार्थ्याकडून मागून घ्यायचे असते. हेड क्लार्कचा शुल्काच्या खिडकीवरचा वेळ त्यामुळे वाढला.

वऱ्हाडातील पाच जिल्ह्यांची महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी (1983) संलग्न आहेत. चंद्रपूर व गडचिरोलीसाठी 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघाले. तेथेही 2016 च्या अधिनियमाचीच चौकट लागू आहे.