बाटलीला फेस का येतो आणि करपा आल्यावर आम्हाला फोन का करू नये

आम्ही झाडाच्या मुळाशी द्यायच्या जिवाणूंची बाटली विकतो. टोमॅटोची लागण, म्हणजे लावणी, सुरू झाली की आमचा फोन दोन कारणांनी वाजतो. एक, "बाटली हलवली की शॅम्पूसारखा फेस येतो, भेसळ आहे का?" आणि दुसरं, पानाचा फोटो पाठवून, "करपा आलाय, पंपाला किती मिली टाकू?" करपा म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग. दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे, म्हणून एकदाचं छापूनच टाकलं.

फेस भेसळीचा नाही. आमच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीत बॅसिलस सबटिलिस नावाचा झाडाला उपयोगी जिवाणू आहे. हा जिवाणू वाढताना सरफॅक्टिन नावाचा पदार्थ सोडतो. सात अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला चरबीची शेपटी, अशी त्याची घडण. काम साबणासारखं, एक बाजू पाण्याकडे तर दुसरी तेलाकडे, म्हणून फेस. टाकीत पाणी आधी भरा, बाटली शेवटी ओता, म्हणजे उतू जाणार नाही.

खरी गंमत मुळाशी आहे. झाडाची पेशी जिवाणू ओळखते ती बहुधा कुलूप-किल्लीने. जिवाणूच्या पोहायच्या शेपटीतला २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा पेशीच्या पटलावरच्या ठरावीक प्रथिनात बसला की पेशी सावध होते. सरफॅक्टिनची वाट वेगळी. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०११ मध्ये तंबाखूच्या पेशींवर दाखवलं, की ते थेट पटलातल्या चरबीत शिरतं आणि पेशीला जाग येते ती तिथूनच. रात्री पत्र्यावर कुणाचं पाऊल पडलं की दार न वाजताही घरातल्यांना कळतं, तसं. त्याआधी २००७ मध्ये नुसतं शुद्ध सरफॅक्टिन देऊनही घेवड्यात करडी बुरशी कमी झालेली दिसली होती, जिवंत जिवाणू न घालता.

मुळाशी लागलेली ही चाहूल वर पानांपर्यंत जाते. १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये कार्नेशनच्या मुळांना चांगला जिवाणू दिला आणि मर रोगाची बुरशी खोडात टोचली. दोघांची गाठही पडली नाही, तरी मर कमी झाली. म्हणजे बुरशीला जिवाणूने नाही, झाडानेच रोखलं.

आता मुद्द्याचं. जागं झालेलं झाड लगेच लढत नाही, ते फक्त तयारीत राहतं. बुरशी आली की त्याचा प्रतिकार लवकर आणि जोरात सुरू होतो, एवढाच फरक. पण त्यासाठी जिवाणू आधी मुळावर बसला पाहिजे, वाढला पाहिजे, झाडाला त्याची चाहूल लागली पाहिजे. याला दिवस लागतात. करपा पानात शिरल्यावर हे सगळं सुरू करून काय उपयोग?

गेल्या हंगामात एका ग्राहकाच्या प्लॉटवर गेलो होतो. खालच्या पानांवर करप्याची गोल गोल कडी पडलेली आणि दोन बाटल्या ड्रिपमधून चार दिवसांपूर्वी सोडलेल्या. "साहेब, तुमचं औषध चाललं नाही." एक रोप उपटून पाहिलं, मुळं पांढरीशुभ्र, छान. त्यांना सांगितलं, हे औषध नाहीच. आलेल्या करप्यावर शिफारशीतलं बुरशीनाशक फवारा, आमची बाटली पुढच्या लागणीला. पैसे परत मागितले, आम्ही दिले नाहीत. वाईट वाटलं, पण बाटलीत खोट नव्हती.

आमच्या लेबलवर 'रोग मारतो' असं कुठेही लिहिलेलं नाही. विक्री थोडी कमी होते, होऊ द्या. विषाणूवरही हे चालत नाही. पांढऱ्या माशीने आणलेला पर्णगुच्छ याने जाणार नाही, उगाच खर्च करू नका.

पहिली आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण देणं, रोपांच्या ट्रेमध्येच करा, रोप दोन खऱ्या पानांवर असताना. दुसरी लागणीच्या दिवशी, ट्रे द्रावणात बुडवून. तिसरी लागणीनंतर ड्रिपमधून. ट्रेला बाटली अगदी थोडी लागते, सगळ्यात स्वस्त आळवणी तीच, आणि नेमकी तीच लोक टाळतात. रोपं विकत घेत असाल तर रोपवाटिकेवाल्याला आधीच सांगून ठेवा. त्यांच्यासाठी २५० मिलीची छोटी बाटली मुद्दाम काढली आहे. कॉपरसारखी जिवाणू मारणारी औषधं त्याच टाकीत मिसळू नका, आठवडाभराचं अंतर ठेवा. बाटली सावलीत ठेवा, मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत नको.

फोन जरूर करा, पण बी टाकायच्या दिवशी. लागणीची तारीख सांगितलीत तर आळवणीच्या तिन्ही तारखा आम्ही कागदावर लिहून बाटलीसोबत पाठवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.