सर्नची इंटर्नशिप की सर्नची स्पर्धा?

“अमक्यांची मुलगी सर्नला इंटर्नशिप करून आली” असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो: एकटी निवडली गेली की टीम जिंकली? जिनिव्हाजवळच्या या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत अकरावी-बारावीच्या वयात काम करायला जायचे दोन ओळखीचे रस्ते आहेत. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘इंटर्नशिप’ म्हणून टाकतात आणि मग पालक भलत्याच फॉर्मची वाट बघत बसतात.

नावाप्रमाणे इंटर्नशिप आहे ती ‘हायस्कूल स्टुडंट्स इंटर्नशिप प्रोग्रॅम’. २०१७ मध्ये हंगेरीच्या मुलांपासून तिची सुरुवात झाली. एका खेपेला एकाच देशाची साधारण दोन डझन मुलं दोन आठवड्यांसाठी येतात. मला यातली आवडणारी गोष्ट म्हणजे शक्यतो सगळं मुलांच्या मातृभाषेत चालतं, कारण मार्गदर्शक सर्नमध्ये नोकरी करणारे त्यांच्याच देशाचे लोक असतात. एखाद्या विभागात छोटा प्रकल्प करायचा, शेवटी तो सगळ्यांसमोर मांडायचा. पण तुमच्या देशाची पाळी आली, तरच अर्ज निघतात. कार्यक्रम मुख्यतः सर्नच्या सदस्य देशांना धरून आखलेला आहे आणि भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे, पूर्ण नव्हे. तेव्हा घरी बसून याची तयारी करता येत नाही.

दुसरा रस्ता ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’. ही स्पर्धा आहे. सर्नला साठ वर्षं झाली त्या निमित्ताने २०१४ मध्ये सुरू झाली आणि जगातल्या कुठल्याही देशाच्या शाळकरी मुलांना खुली आहे. किमान पाच जणांची टीम, सोबत एक मोठा माणूस, वय सोळाच्या पुढे. टीमने सुमारे हजार शब्दांत प्रयोगाचा प्रस्ताव लिहायचा आणि एक छोटा व्हिडिओ करायचा. जिंकलात तर प्रवासखर्च, राहणं आयोजकांकडे, आणि तुमचा प्रयोग खऱ्या कणझोतावर, म्हणजे वेगाने सोडलेल्या सूक्ष्म कणांच्या झोतावर.

इथे जरा थांबतो, कारण ‘कणझोत’ म्हटल्यावर मुलं थेट २७ किलोमीटर परिघाच्या त्या प्रसिद्ध वर्तुळाकार यंत्राची, लार्ज हॅड्रॉन कोलायडरची स्वप्नं बघू लागतात. तो मिळत नाही. सर्नमध्ये मिळतो तो १९५९ पासून चालू असलेल्या प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या जुन्या, लहान यंत्राचा झोत. त्यातले प्रोटॉन एका लक्ष्यावर आदळतात, त्यातून इलेक्ट्रॉन, पायॉन, प्रोटॉन असे कण बाहेर पडतात आणि चुंबकांनी हवा तो संवेग निवडता येतो. झोत नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही. जेमतेम ०.४ सेकंदाचा लोट येतो, मग काही सेकंद वाट बघायची. त्यामुळे “आम्हाला अमुक इतके कण लागतील, त्यासाठी इतके तास” हा हिशेब ज्या प्रस्तावात असतो, तो लगेच उठून दिसतो. नुसतं ‘विश्वाचं कोडं सोडवू’ लिहिणारे मागे पडतात.

हे आपल्यासाठी दूरचं नाही. २०१८ च्या दोन विजेत्या टीमपैकी एक मुंबईच्या आर. एन. पोदार शाळेची होती, ‘क्रिप्टिक ऑन्टिक्स’. चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन कसे वळतात, ते त्यांना पाहायचं होतं. दुसरी टीम मनिलाची. पुढच्याच वर्षी सर्नचे त्वरक (कणांना वेग देणारी यंत्रं) दुरुस्तीसाठी बंद झाले आणि विजेते जर्मनीत हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत गेले. स्पर्धा थांबली नाही.

दोन्हींत निवड करायची वेळ तशी येत नाही, पण विचारलंत तर मी स्पर्धाच सांगेन. हरलेल्या टीमनेही डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारं उपकरण, काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही, हे चार महिने भांडून समजून घेतलेलं असतं.

तिसराही एक प्रकार असतो, ‘सर्न स्टडी टूर’ नावाने पैसे घेऊन नेणारा. ती सहल आहे. सर्नच्या मार्गदर्शित भेटी मुळात विनामूल्य असतात, तेव्हा पैसे विमानाचे आणि हॉटेलचे आहेत हे समजून खुशाल जा.

अडचण खरी आहे ती वेळापत्रकाची. स्पर्धेच्या प्रस्तावाची मुदत साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास संपते, म्हणजे नेमकी आपल्या परीक्षांच्या तोंडावर. अकरावीत प्रवेश झाल्या झाल्या भौतिकशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना गाठलंत, तर दिवाळीपर्यंत कल्पना ठरते आणि जानेवारीत लिहून मोकळं होता येतं.