गाडीचे डोळे आणि चालकाची नजर

गेल्या दसऱ्याला आमच्या गाडीची नेहमीप्रमाणे साग्रसंगीत पूजा झाली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकांखाली लिंबे ठेवली आणि आंब्याची पाने ओवलेला झेंडूचा भरघोस हार पुढच्या जाळीवर बांधला. हार ताजा राहावा म्हणून घरच्यांनी त्यावर दोन-तीनदा पाणीही शिंपडले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून साताऱ्याकडे निघालो, तर शिरवळ यायच्या आतच चालकासमोरच्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना उमटली: पुढचा रडार झाकला गेला आहे, अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप सांभाळणारी सोय) आणि आपत्कालीन ब्रेक तूर्त उपलब्ध नाहीत. पेट्रोल पंपावर थांबून हार सोडला, बोधचिन्हावर चिकटलेल्या पाकळ्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि थोडे अंतर गेल्यावर सूचना आपोआप नाहीशी झाली. गाडीत काहीच बिघडलेले नव्हते. आम्ही तिच्या एका डोळ्यावर पट्टी बांधली होती, एवढेच.

हा डोळा बहुतेक एसयूव्हींमध्ये बोधचिन्हामागे किंवा खालच्या बंपरमध्ये दडलेला असतो. त्यातून सेकंदाला सुमारे ७७ अब्ज कंपने असलेल्या रेडिओ लहरी निघतात आणि त्यांची तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते. एवढ्या आखूड लहरींना पातळ प्लास्टिक जवळजवळ पारदर्शक असते, म्हणून रडार बंपरच्या आत सुरक्षित ठेवता येतो. पाणी मात्र या लहरी शोषून घेते आणि परतवतेही, तर धातू त्यांना पलीकडे जाऊच देत नाही. त्यामुळे भिजलेला झेंडू, पावसाळ्यात बंपरवर थापला गेलेला चिखल किंवा बोधचिन्हावर हौसेने चढवलेले धातूचे आवरण यांपैकी कशानेही रडार आंधळा होऊ शकतो. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवण्याची हौस तर अधिकच वाईट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. त्या वेळी पादचाऱ्यांना आणि गाडीतील माणसांना असलेला धोका हे कारण होते. आता त्यात रडारची भर पडली आहे.

रडार काय पाहतो, हे कळले की त्याच्यावर कुठे विसंबावे हेही कळते. तो सोडत असलेल्या लहरींची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, पुन्हा पुन्हा खालून वर चढवलेली असते, आणि परत आलेला प्रतिध्वनी त्या क्षणीच्या लहरीपेक्षा किती मागे आहे, यावरून समोरच्या वाहनाचे अंतर निघते. वेग मोजण्यासाठी तो डॉप्लर परिणामाचा आधार घेतो: वस्तू जवळ येत असेल तर परतणाऱ्या लहरीची कंपने वाढतात, लांब जात असेल तर घटतात. आपण समोरच्या ट्रकला ताशी ३६ किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने गाठत असलो, तर परतणाऱ्या लहरीत सेकंदाला सुमारे ५,१०० कंपनांचा फरक पडतो. ७७ अब्जांमध्ये हा फरक नगण्य भासतो. पण इलेक्ट्रॉनिक्सला तो सहज मोजता येतो, आणि अंधारात, धुक्यात किंवा पावसातही तो मोजता येतो. दूरचे वाहन जवळ येत आहे की लांब जात आहे, हे रात्री केवळ त्याच्या मागच्या दिव्यांवरून ओळखताना माणसाच्या डोळ्यांची फसगत होते. रडारची तशी होत नाही.

त्याचा कमकुवतपणाही याच गुणातून येतो. रस्त्याकडेचे फलक, दुभाजकाचे कठडे, डोक्यावरचे पूल या साऱ्यांवरून प्रतिध्वनी येतच असतात, आणि त्या प्रत्येकासाठी गाडी ब्रेक मारू लागली तर प्रवास अशक्य होईल. म्हणून वेगात असताना स्थिर वस्तूंकडून आलेल्या प्रतिध्वनींना अनेक प्रणाली कमी महत्त्व देतात आणि ती वस्तू खरोखरच वाहन आहे का, याची खात्री पुढच्या काचेमागील कॅमेऱ्याकडून करून घेतात. कॅमेऱ्याला असंख्य चित्रे दाखवून गाड्यांच्या, दुचाकींच्या आणि माणसांच्या आकृती ओळखायला शिकवलेले असते. आता कोल्हापूर-सांगलीकडच्या गळीत हंगामातले एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे: रात्रीची वेळ, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला निम्मी लेन अडवून उभी आहे. ती स्थिर असल्याने रडार साशंक असतो, आणि वाहनाच्या शिकलेल्या आकृतीशी ती जुळत नसल्याने कॅमेराही गोंधळू शकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या गाडीचे ब्रेक उत्तम असले, तरी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतरही ती सुमारे ३५ मीटर पुढे जाते. अशा रस्त्यावर, अशा हंगामात क्रूझ कंट्रोल लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट समृद्धी महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर हीच सोय खरोखर कामाची आहे. मुंबई आणि नागपूर यांना जोडणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि तासन्‌तास पायाने वेग सांभाळण्याचा शीण यंत्राकडे सोपवता येतो. मात्र पडद्यावर दोन, तीन किंवा चार रेघांनी दाखवलेले अंतर बहुधा मीटरमध्ये ठरलेले नसून सेकंदांत ठरलेले असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोन सेकंदांचे अंतर ताशी ८० किलोमीटरला ४४ मीटर, तर १२० ला ६७ मीटर होते. कमीत कमी अंतर निवडले तर पुढच्याने अचानक ब्रेक दाबल्यावर विचार करायला वेळच उरत नाही. म्हणून मी नेहमी सर्वांत मोठे अंतर निवडतो. दाट वाहतुकीत त्या मोकळ्या जागेत कोणी ना कोणी घुसतोच, मग गाडी एकदम वेग कमी करते आणि मागून चिकटून येणाऱ्याला त्याची कल्पना नसते. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असे दोनदा घडले की क्रूझ बंद करून गाडी आपल्या पायाने चालवलेली बरी.

लेन सांभाळणारी सोय तर पूर्णपणे कॅमेऱ्यावर जगते. रंगवलेला पट्टा आणि डांबर यांच्यातला फरक तो शोधतो, त्यामुळे पट्टे पुसट झाले, ओल्या रस्त्यावर समोरच्या दिव्यांची तिरीप पसरली किंवा सकाळी नागपूरच्या दिशेने जाताना उगवता सूर्य थेट काचेवर आला, की त्याला काही सुचत नाही. घाटातल्या तीव्र वळणांवर आवश्यक तेवढे स्टिअरिंग वळवण्याची ताकद अनेक गाड्यांत या प्रणालीला मुद्दामच दिलेली नसते. इंडिकेटर न देता लेन बदलणाऱ्याला स्टिअरिंग उलट ओढ देते आणि त्याला वाटते की गाडी हट्ट करते आहे. वास्तविक इंडिकेटर हीच आपला हेतू तिला कळवण्याची खूण आहे. खड्डा किंवा अचानक आडवी आलेली दुचाकी चुकवताना मात्र ही ओढ नकोशी होते, म्हणून गावातून जाताना ही सोय बंद कशी करायची, ते आधीच शिकून ठेवावे.

आता टचस्क्रीनकडे वळू. तिचा जन्म, योगायोगाने म्हणा, एका रडार संशोधन संस्थेतच झाला. इंग्लंडमधील मालव्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिचा उपयोग विमान वाहतूक नियंत्रकांना व्हावा, हा हेतू होता. मोटारीत असा पडदा १९८६ च्या ब्यूइक रिव्हिएरामध्ये आला. आजच्या पडद्याच्या काचेवर विद्युतवाहक पदार्थाची अदृश्य जाळी असते. आपले बोट स्वतःच वाहक असल्याने ते जवळ येताच त्या ठिकाणचा विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित बदलते आणि पडदा तो बिंदू ओळखतो. यात दाबावे लागत नाही, आणि नेमकी इथेच चालकाची अडचण सुरू होते. जुन्या गाडीत एसीचे गोल बटण हाताने चाचपून फिरवता येत असे, तर गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच कळत नाही आणि प्रत्येक वेळी नजर न्यावीच लागते.

ही नजर रस्त्यावरून किती वेळ हटते? स्वीडनमधील एका मोटार नियतकालिकाने २०२२ मध्ये धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. तापमान वाढवणे, रेडिओचे केंद्र लावणे अशी साधी कामे चालकांना सांगितली होती, आणि गाड्यांची ओळख करून घ्यायला त्यांना आधी वेळही दिला होता. बटणांच्या २००५ च्या व्होल्वो गाडीत ही कामे १० सेकंदांत, म्हणजे ३०६ मीटरमध्ये उरकली. सर्वांत मागे पडलेल्या पडदाधारी नव्या गाडीला ४४.९ सेकंद लागले आणि तेवढ्यात ती १,३७२ मीटर पुढे गेली होती. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त आणि एका कामासाठी एकूण १२ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये, असे म्हटले आहे. नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनेही २०२६ पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठी प्रत्यक्ष बटणांना महत्त्व दिले आहे.

चाळिशी लागलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डोळ्यातील भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, त्यामुळे दूरच्या रस्त्यावरून हातभर अंतरावरच्या पडद्यावर आणि परत रस्त्यावर नजर स्थिरावण्यास तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. पडद्यावरची अक्षरे मोठी करण्याची सोय सेटिंगमध्ये बहुधा असते, पण ती शोधायची कोणाला आठवत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो: लक्ष्य जितके मोठे आणि हाताच्या जितके जवळ, तितके बोट तिथे लवकर पोहोचते. म्हणून नकाशा, फोन आणि एसी ही तीन चिन्हे पडद्याच्या चालकाकडील कडेला आणून ठेवावीत. हादऱ्यांमध्ये बोट भलतीकडे पडू नये यासाठी उरलेली बोटे पडद्याच्या चौकटीवर टेकवून मग स्पर्श करावा. रात्री पडद्याची चमक कमीत कमी ठेवावी, कारण अंधाराला सरावलेला डोळा एका पांढऱ्या पडद्याने क्षणात दिपतो आणि पुन्हा सरावण्यास वेळ घेतो. नकाशात मुक्काम भरणे, गाणी निवडणे, फोन जोडणे ही कामे गाडी सुरू करण्याआधी इमारतीखालीच करावीत. वाटेत बदल करायचाच असेल तर स्टिअरिंगवरचे बटण दाबून तोंडी आज्ञा द्यावी, किंवा शेजारी बसलेल्याला सांगावे.

मागे घेताना दिसणाऱ्या चित्रावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेघा जमीन सपाट आहे असे गृहीत धरून काढलेल्या असतात. जमिनीला टेकलेल्या दगडासाठी त्या बरोबर असतात, पण टेम्पोच्या मागून अधांतरी बाहेर आलेल्या सळया प्रत्यक्षात असतात त्यापेक्षा लांब भासतात. चार कॅमेऱ्यांची चित्रे जोडून केलेल्या वरून पाहिल्यासारख्या दृश्यात सांध्यापाशी लहान मूल किंवा कुत्रे अंशतः गायब होऊ शकते. ध्वनीवर चालणारे बंपरमधले सेन्सर एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सुमारे सहा मिलिसेकंदांत पकडतात, पण बारीक खांब त्यांच्या हातून सुटू शकतो. एकदा मान वळवून पाहावेच.

भारतात आज मिळणाऱ्या या सोयी, लेन आणि अंतर दोन्ही सांभाळणाऱ्या असल्या तरी, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दुसऱ्या पातळीपर्यंतच पोहोचतात, आणि त्या पातळीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी संपूर्णपणे चालकाची असते. द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग सोडून मागे बसलेल्या चालकांच्या चित्रफिती पाहून मला अतिशय वाईट वाटते, कारण रडारला काय दिसत नाही हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

शेवटी काचेबद्दल. कॅमेरा आरशामागे, काचेच्या वरच्या मध्यभागी असतो आणि फास्टॅगही बहुतेक जण तिथेच चिकटवतात; तो कॅमेऱ्याच्या खिडकीपासून बाजूला लावावा. दगड लागून पुढची काच बदलावी लागली तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा अचूक जुळवणे, करून घ्यावे. तो फक्त एक अंशाने तिरका बसला, तरी ५० मीटरवर त्याचा अंदाज जवळजवळ ८७ सेंटिमीटरने चुकतो, म्हणजे दुचाकीस्वार आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हेच गाडीला ठरवता येत नाही. काच बसवणाऱ्याकडून हे काम केल्याची लेखी नोंद घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.