सर्फिंगला कुठली लेन्स: रोज फेकायची की महिनाभर वापरायची?

चष्म्याच्या दुकानात ‘डेली लेन्स द्या’ म्हटलं की दोनपैकी काहीही हातात पडू शकतं. एका डब्यावर ‘डेली डिस्पोजेबल’ असतं, म्हणजे सकाळी घालायची आणि संध्याकाळी काढून फेकून द्यायची. दुसऱ्यावर ‘डेली वेअर’, म्हणजे दिवसभर घालायची, रात्री काढून सोल्यूशनमध्ये ठेवायची आणि महिना झाला की बदलायची. दोन्ही मऊ, दोन्ही साधारण 14 मिलिमीटर रुंद, बोटावर ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या. ऑफिसात एसीत बसणारा माणूस महिन्याची लेन्स चुकून रोज फेकत बसला तर त्याचं पैशांचंच काय ते नुकसान. गोव्यात आश्वे-मांद्र्याला किंवा कर्नाटकात मुल्कीला सर्फिंग शिकायला निघालेल्याने मात्र डब्यावरचं नीट वाचलेलं बरं.

मुळात लेन्स हवीच का, हा प्रश्न आधी. उणे 1 नंबर असेल तर चष्म्याशिवाय साधारण एक मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, उणे 2 ला अर्धा मीटर, उणे 4 ला जेमतेम 25 सेंटिमीटर. पहिले काही धडे कमरेएवढ्या पाण्यात, फेसाळ लाटांवर होतात. प्रशिक्षक बोर्ड धरून उभा असतो, तोच ढकलतो, तोच ‘उठ’ म्हणून ओरडतो. उणे दीडपर्यंतचा माणूस हे सगळं चष्म्याविना निभावून नेतो, आणि माझ्या मते त्याने तसंच करावं. पण फेस ओलांडून मागे, न फुटलेल्या लाटांपर्यंत गेलात की खेळ बदलतो. क्षितिजाकडून येणारी लाटांची रांग आधी ओळखायची असते. लाट फुटते त्या टोकाच्या सर्वात जवळ कोण आहे, म्हणजे लाटेवर हक्क कुणाचा, तेही पाहायचं असतं. उणे 3 किंवा 4 वाल्याला समोरून येणारा बोर्ड म्हणजे एक हलता डाग. त्या डागाच्या खाली धारदार फिन असते, माशाच्या परासारखं पातं.

आता डॉक्टरांचं म्हणणं. लेन्स घालून पाण्यात उतरूच नका, हे नेत्रतज्ज्ञही सांगतात आणि लेन्स बनवणाऱ्या कंपन्याही. समुद्र, नदी, तलाव, शॉवर, सगळं त्यात आलं. रोजची असो की महिन्याची, यातून कुठलीच सुटत नाही. तरीही नंबरवाले सर्फर लेन्स घालतात, कारण चष्मा लाटेत टिकत नाही आणि आंधळेपणाने लाट पकडण्यातही धोका आहेच. म्हणून ‘घालायचीच असेल तर कुठली’ हा प्रश्न उरतो.

पाण्यात असेपर्यंत दोघींत फरक जवळपास नाही. मऊ लेन्समध्ये पाणी मुरलेलं असतं, प्रकारानुसार वजनाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्याहून जास्त. त्यामुळे बाहेर ज्या प्रकारचं पाणी, तसं तिचं वागणं. अश्रूंत मीठ साधारण 0.9 टक्के, समुद्रात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. लाट तोंडावर आपटली की रोजची असो वा महिन्याची, दोन्ही हे खारं पाणी आणि त्यातलं जे काही असेल ते सारख्याच इमानाने ओढून घेतात. हरवतातही सारख्याच: पाण्याखाली डोळे उघडले की, किंवा वर आल्यावर मुठीने डोळे चोळले की. बोर्डवरून पडताना डोळे घट्ट मिटायचे, हातांनी डोकं झाकायचं, वर आल्यावर चेहऱ्यावरचं पाणी ओघळू द्यायचं आणि भराभर पापण्या मिटायच्या. चोळायचं नाही. ‘सेमी-सॉफ्ट’, म्हणजे कडक प्रकारच्या, लेन्सवाल्यांनी या भानगडीत पडूच नये. ती जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरची असते, एका फटक्यात जाते.

फरक सुरू होतो तो किनाऱ्यावर आल्यानंतर.

रोजची लेन्स काढली, कचऱ्यात टाकली, विषय संपला. समुद्रातून जे काही तिच्यात शिरलं, ते तिच्याबरोबर गेलं. महिन्याची लेन्स मात्र केसमध्ये, म्हणजे लेन्स ठेवायच्या डबीत, जाते, आणि जंतूंना केससारखी सोय दुसरीकडे मिळणं कठीण: ओल, अंधार, रात्रभर शांतता, आणि प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला साचत जाणारा बुळबुळीत थर. दुसऱ्या दिवशी तीच लेन्स पुन्हा डोळ्यावर. ‘पण सोल्यूशन असतं ना?’ असतं. ते रोजच्या जंतूंसाठी असतं, समुद्राच्या आंघोळीनंतरच्या निर्जंतुकीकरणासाठी नव्हे. अमेरिकेत 2006 आणि 2007 मध्ये लेन्सची दोन सोल्यूशन्स बाजारातून परत मागवावी लागली, एक बुरशीच्या संसर्गांमुळे, दुसरं अकँथामीबामुळे. सोल्यूशनच्या बाटलीवर किती भिस्त ठेवायची ते यावरून ठरवा.

हा अकँथामीबा माती, नळ, विहीर, तलाव, समुद्र असा कुठेही सापडणारा एकपेशीय जीव. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि या अवस्थेत क्लोरीनलाही दाद देत नाही. त्याने होणारा बुबुळाचा संसर्ग दुर्मीळ आहे, पण झाला तर महिनोन्‌महिने थेंब घालावे लागतात आणि कधी बुबुळ प्रत्यारोपणापर्यंत वेळ जाते. भारतात हा आजार लेन्स न वापरणाऱ्यांनाही होतो, डोळ्याला इजा होऊन त्यात माती किंवा घाण पाणी गेलं की. लेन्स ही त्या जीवाला डोळ्यापाशी मुक्काम करून देणारी एक जास्तीची सोय.

महिन्याच्या लेन्सबद्दल आणखी एक समज आहे. ‘मी चारदाच घातली, अजून सव्वीस दिवस शिल्लक आहेत.’ शिल्लक काही नसतं. महिना मोजतात तो पाकीट फोडल्यापासून. दिवाळीत फोडलेली लेन्स नाताळच्या गोवा ट्रिपसाठी राखून ठेवणारे लोक आहेत, आणि ते स्वतःला काटकसरी समजतात.

किनाऱ्यावर खरी गंमत गोड्या पाण्याची आहे, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. खाऱ्या पाण्याला सगळे घाबरतात, म्हणून बाहेर आल्याबरोबर शॅकच्या मागच्या नळाखाली डोकं धरतात आणि डोळ्यांवर गोडं पाणी मारतात, लेन्ससकट. गोड्या पाण्यात मीठ जवळपास नाही. त्यामुळे ते लेन्समध्ये शिरतं, लेन्सचा आकार बदलतो आणि ती बुबुळाला घट्ट चिकटते. मग माणूस ती नखाने खरवडून काढू पाहतो. बुबुळाचा वरचा नाजूक पापुद्रा सोलला गेला की तिथूनच जंतूंना वाट मिळते. वर ते नळाचं पाणी बहुतेक वेळा विहिरीचं, छतावरच्या टाकीत दिवसचे दिवस उभं राहिलेलं. म्हणून क्रम उलटा हवा: आधी लेन्स काढायची, मग आंघोळ. हात साबणाने धुवायचे, कोरड्या टॉवेलने पुसायचे, बोटांवर वाळू राहिली नाही ना ते पाहायचं. लेन्स चिकटलीय असं वाटलं तर लेन्सवर चालणारे वंगणाचे थेंब घालायचे, पापण्या मिटत पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि लेन्स सहज सरकू लागली की काढायची.

घालतानाही क्रम लक्षात ठेवा: आधी लेन्स, नंतर सनस्क्रीन. उलट केलंत तर बोटांवरचा तेलकटपणा लेन्सवर बसतो आणि समुद्र दिवसभर धुक्यातला दिसतो. काही लेन्सवर ‘यूव्ही ब्लॉकिंग’ लिहिलेलं असतं. ती बुबुळापुरती झाकते. डोळ्याचा पांढरा भाग उघडाच राहतो. उन्हावाऱ्यात वर्षं काढणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांसाचा पडदा वाढत येतो, त्यावर ही लेन्स इलाज नाही.

रोजची लेन्स कमी पडते अशाही जागा आहेत. ती सहसा पातळ असते, ओल्या बोटांना लवकर गुंडाळली जाते आणि फाटते. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर रोजच्या प्रकारात हवा तो अक्ष, म्हणजे नंबरचा कोन, मिळेलच असं नाही. आणि सिलिंड्रिकल लेन्स, रोजची किंवा महिन्याची, पाण्याच्या माऱ्याने डोळ्यात फिरते; दोन-चारदा पापण्या मिटेपर्यंत सगळं तिरकं, धूसर. खर्चाचं गणित मात्र लोक भलतंच करतात. 30 लेन्सचा डबा म्हणजे दोन डोळ्यांना 15 दिवस, दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असले तर दोन डबे. वर्षभर रोज घालायच्या झाल्या तर खिसा फाटतो हे खरंच. पण सर्फिंगला वर्षातून एखादा आठवडा जाणाऱ्याने एरवी महिन्याच्या घालाव्यात आणि पाण्यासाठी रोजच्यांचा एक डबा ठेवावा. नंबर चष्म्याच्या कागदावरून ढापू नका: चष्म्याला उणे 5 असेल तर लेन्सला साधारण उणे 4.75 लागतो, नंबर वाढेल तसा फरकही वाढतो.

नंबरचे पोहण्याचे गॉगल हा यावरचा उपाय नाही. तलावात ते उत्तम, लाटेच्या पहिल्या झपाट्यात कपाळावर किंवा गळ्यात. पट्टा आणि दोरी असलेले खास सर्फिंगचे चष्मे मिळतात, काहींत नंबरही बसतो. वाफ धरणं ही त्यांची जुनी खोड.

किनाऱ्यावरच्या पिशवीत रोजच्या लेन्सची एक जादा जोडी आणि चष्मा ठेवाच. एक लेन्स लाटेत गेली तर बाहेर या, ती शोधू नका. आणि दोन्ही गेल्या तर स्कूटरवरून परतायला चष्माच लागणार आहे.

संध्याकाळी थोडी लाली आणि चुरचुर मिठाने आणि उन्हानेही होते, रात्रीच्या झोपेनंतर ती उतरते. सकाळीही डोळा लाल असेल, दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर लेन्स घालायची नाही, औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून घालायचे नाहीत, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं आणि ‘लेन्स घालून समुद्रात होतो’ हे आपणहून सांगायचं. महिन्याची लेन्स वापरली असेल तर ती आणि तिची केस न धुता, आहे तशी बरोबर न्या. डॉक्टरांना तपासणीसाठी त्यातलंच पाणी लागू शकतं.