अ‍ॅक्टिव्ह बेसची बॅटरी: ही भानगड सुरू कुठून झाली

"केबल काढून ठेव, बॅटरी उतरेल" हे अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला बेस गिटार) वाजवणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं, पण व्हॉल्यूम शून्यावर आहे ना मग काय होणार, असं समजून रोज रात्री केबल तशीच ठेवायचो, आणि एकदा भर प्रोग्रॅममध्ये दुसऱ्याच गाण्याला खालच्या सुरांचा आवाज फाटायला लागला. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

१९५१ मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हा बॅटरीचा प्रश्नच नव्हता. लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे, म्हणजे पिकअप, त्यावरची वाद्याची तार हलली की सिग्नल तयार, बस. अडचण एवढीच की असा सिग्नल नाजूक असतो, लांब केबलमधून जाताना त्यातला वरचा चकचकीतपणा गळून जातो. मग प्रीअ‍ॅम्प (सिग्नल सुरुवातीलाच सबळ करणारं छोटं सर्किट) वाद्यातच बसवला तर? कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड या बँडच्या आजूबाजूला जमलेल्या मंडळींनी १९६९ मध्ये अलेम्बिक ही कंपनी सुरू केली आणि तिथे रॉन विकरशॅम यांनी हेच केलं. १९७२ मध्ये त्यांनी जेफरसन एअरप्लेन बँडचा बेसवादक जॅक कॅसडी याच्यासाठी बेस बनवला. त्यांच्या महागड्या मॉडेल्सना पाच पिनांच्या केबलने बाहेरून वीज द्यायचीही सोय होती, म्हणजे बॅटरीचं टेन्शन त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

आता ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ती बेससाठी जन्मलीच नाही, १९५६ च्या सुमारास ती छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओसाठी आली. आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापाठी एक जोडलेले, त्यामुळे व्होल्टेज भरपूर पण साठा कमी. अल्कलाइन घेतली तरी साधारण ५०० मिलिअँप-तास, आणि साधा पेन्सिल सेल २००० च्या वर जातो! तरी हीच निवडली गेली, कारण एकाच छोट्या डबीत ९ व्होल्ट मिळतात आणि प्रीअ‍ॅम्पला स्वच्छ आवाजासाठी तेवढं व्होल्टेज लागतंच.

१९७६ मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला, लिओ फेंडर यांचाच त्यात हात, आणि अ‍ॅक्टिव्ह बेस सगळ्यांच्या हातात गेला. एक बॅटरी, पॅसिव्हवर, म्हणजे बॅटरीशिवाय, टाकायचा स्विच नाही, म्हणजे बॅटरी मेली की बेस मुका.

अशा बेसमध्ये बॅटरी चालू-बंद करायची युक्ती मला फार आवडते. वेगळा स्विच नाही, जॅक स्टिरिओ बसवतात, बॅटरीची निगेटिव्ह वायर त्याच्या मधल्या पत्तीला जोडतात आणि साधा मोनो प्लग आत गेला की त्याची दांडी ती पत्ती ग्राउंडला टेकवते, सर्किट पूर्ण, प्रीअ‍ॅम्प चालू. तो प्लग बाहेर येईपर्यंत चालूच राहतो. व्हॉल्यूमचा त्याच्याशी काही संबंध नाही, तुम्ही वाजवा नाहीतर झोपा, ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) आपला करंट खातच असतो.

आणि किती खातो हे त्या चिपवर आहे. टीएल०७२ घेतली तर दोन्ही भाग मिळून जवळपास ३ मिलिअँप, म्हणजे १७०-१८० तास. टीएल०६२ मध्ये तेच काम ०.४ मिलिअँपमध्ये होतं, हजार तासांच्या वर, फक्त खरखर थोडी जास्त. ईएमजी या पिकअप बनवणाऱ्या कंपनीने प्रीअ‍ॅम्प पिकअपच्या आतच ओतून बसवला आणि भूक एका मिलिअँपच्या दहाव्या भागाच्या आसपास आणली, म्हणून त्यांच्या पिकअपवाल्यांना बॅटरी कधी बदलली तेच आठवत नाही. हे पण धोक्याचंच, जुनी बॅटरी आत गळली की कप्प्यातल्या पत्त्या हिरव्या पडतात. मी कप्प्याच्या झाकणाच्या आत टेपवर तारीख लिहितो आणि मीटरने बघतो, नवी ९.५ च्या आसपास दाखवते, ८ च्या खाली गेली की काढतो.

हल्ली बऱ्याच बेसवर पॅसिव्हचा स्विच येतो, तेवढं बरं झालं. पण वायरलेसमुळे जुनाच घोळ नव्याने होतोय, लोक ट्रान्समीटर बंद करतात आणि त्याचा प्लग जॅकमध्येच ठेवून बेस बॅगेत भरतात, मग प्रीअ‍ॅम्प बॅगेत रात्रभर चालू.